राउटर टेबलाखाली उलटा टांगला की नियमही उलटतात का?

नवा_रंधा

मंडळी, हातातला राउटर (वेगाने फिरणाऱ्या बिटने, म्हणजे धारदार टोकाने, लाकूड कोरणारं यंत्र) चालवायची आता बऱ्यापैकी सवय झाली आहे. कडा गोल करणं, खाचा पाडणं, टेम्प्लेटवरून आकार काढणं, सगळं जमतं. पण अरुंद पट्ट्या आल्या की राउटरला टेकायला जागा मिळत नाही आणि तो डुगडुगतो. म्हणून टेबल करायला घेतलंय. जाड प्लायचा माथा, मधे ॲल्युमिनियमची प्लेट, मागे दोन तुकड्यांची फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची भिंत.

प्रश्न असा की व्हिडिओ बघून डोक्याचा भुगा झाला आहे. बहुतेक जण लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. एक जण मात्र बिनधास्त डावीकडून उजवीकडे ढकलतो आणि त्याची कड आरशासारखी येते. कुणाच्याच बिटवर झाकण दिसत नाही. माझं काम सगळं लहान पट्ट्यांचं, म्हणजे फोटोच्या चौकटी, छोट्या पेट्या. बोटं बिटच्या किती जवळ गेलेली चालतात? करवतीच्या टेबलासमोर उभं राहिलं की आपोआप सावध व्हायला होतं, याच्यासमोर तसं होत नाही, आणि तेच मला खटकतंय.

भुसाभुशीत

वाचनखूण साठवली. मीही याच रांगेत.

पटाशी

रंध्या, शेवटचं वाक्य सगळ्यात चांगलं लिहिलंस. करवतीचं पातं दिसतं, राउटरचं बिट चालू झालं की नुसती एक धूसर गुंडाळी दिसते. त्यामुळे भीती वाटत नाही.

दिशेचं आधी मिटवून टाकू, कारण बाकीचे निम्मे नियम त्यातूनच निघतात. राउटर हातात धरून वरून पाहिलंस तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. तोच उलटा टांगला की वरून बघताना ते काट्यांच्या उलट फिरताना दिसतं. मोटर तीच आहे, तुझी बघायची बाजू बदलली.

आता टेबलासमोर उभा राहा. फेन्स पलीकडे, बिट तिच्यातून अर्धं बाहेर आलेलं. तुझ्या बाजूची धार डावीकडून उजवीकडे पळते आहे. लाकूड उजवीकडून डावीकडे आणलंस की ते धारेच्या तोंडावर जातं, म्हणजे बिट त्याला मागे रेटतं आणि तू पुढे रेटतोस. ताबा तुझ्याकडे राहतो. दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत. लाकूड उजवीकडून येतं तेव्हा ते बिटच्या उजव्या पावभागाला आधी भिडतं, आणि तिथली धार तुझ्यापासून दूर, फेन्सकडे जात असते. त्यामुळे कापता कापता लाकूड आपणहून फेन्सला चिकटतं.

उलट दिशेने ढकललंस तर दोन्ही गोष्टी फिरतात. बिट लाकडाला ज्या दिशेने ओढतं त्याच दिशेने तूही ढकलतोस, आणि बिटची डावी बाजू तुझ्याकडे येत असल्याने लाकूड फेन्सपासून सुटून तुझ्या अंगावर येतं. पट्टी हातातून खेचली जाते, आणि तिच्यावर दाब देत असलेला हात तिच्या मागोमाग बिटकडे जातो. राउटर टेबलावरच्या दुखापतींची ही सगळ्यात वाईट तऱ्हा. लाकूड उडून लागतं ते एक वेळ परवडलं.

टेबलावर खडूने उजवीकडून डावीकडे एक बाण काढून ठेव. पोरकट वाटेल, पण दमल्यावर उपयोगी पडतो.

उभा_छेद

पटाशींशी ९० टक्के सहमत. पण त्या व्हिडिओवाल्याची कड आरशासारखी येते ती उगीच नाही. धारेच्या दिशेने कापलं की बिट तंतू उचकटत नाही, दाबत जातं. ज्या लाकडात रेषा उलटसुलट असतात तिथे सरळ दिशेने कापलं तर ढलप्या निघतात. शेवटचा अर्धा मिलिमीटर मी स्वतः उलट दिशेने काढतो. खोली कमी असेल तर ओढ जाणवतही नाही.

पटाशी

हातातल्या राउटरने काढत असाल तर माझी हरकत नाही. राउटर वजनदार, दोन्ही हातांत, आणि लाकूड क्लॅम्पने जखडलेलं. ओढ लागली तर राउटर जरा पळेल. टेबलावर उलटं आहे. इथे जखडलेला आहे तो राउटर, आणि मोकळं आहे ते लाकूड. तेही हलकं. अर्ध्या मिलिमीटरची ओढ दोन किलोच्या फळीला जाणवणार नाही, बोटभर पट्टीला जाणवेल. आणि खोली अर्धाच मिलिमीटर राहील हे कुणी सांगितलं? एखादी गाठ आली, फळी जरा वाकडी असली, तर तेवढ्यापुरती ती एक मिलिमीटर होते.

उभा_छेद

माझ्याकडे स्लेड (तुकडा बसवून सरकवायची पाटी) आहे, त्यावर तुकडा टॉगल क्लॅम्पने दाबलेला असतो. वजन भरपूर. हात कुठेच जवळ नसतो.

पटाशी

मग तुमचं बरोबर आहे. पॉवर फीडर (लाकूड आपोआप सरकवणारं यंत्र) असेल तरीही बरोबर आहे. मोकळ्या हाताने, लहान पट्टीवर, नवीन माणसाने करू नये एवढंच माझं म्हणणं. ढलप्या टाळायचे बाकी उपाय आधी संपवावेत: धार ताजी असावी, खोली कमी घ्यावी, शेवटचा हात (म्हणजे कापायची शेवटची फेरी) अर्ध्या ते एक मिलिमीटरचा ठेवावा.

गुण्या

फेन्सचं एक राहिलं आणि ते जीवघेणं आहे, म्हणून मधे घुसतो. लाकूड कधीही बिट आणि फेन्स यांच्या मधल्या फटीतून न्यायचं नाही. लोकांना वाटतं, दोन्हीकडून आधार मिळाला की पट्टी एकसारख्या रुंदीची निघेल. पण तसं केलं की लाकूड बिटच्या मागच्या बाजूला लागतं, आणि तिथली धार उजवीकडून डावीकडेच पळते. म्हणजे दिशा पटाशींनी सांगितली तीच ठेवली तरी ती चुकीची ठरते. वर पट्टीला हलायलाही जागा नाही. ओला साबण मुठीतून निसटतो तशी ती डावीकडे सुटते. एका कार्यशाळेत अशी सुटलेली पट्टी समोरच्या प्लायच्या पार्टिशनमधून आरपार गेलेली पाहिली आहे. डावीकडे कोणी उभं नव्हतं.

हेच छुप्या रूपात खोबणी रुंद करताना होतं. समजा 12 मिमीच्या बिटने फळीच्या मधोमध खोबणी पाडली आणि ती 15 मिमीची करायची आहे. आता फेन्स कुठे सरकवायची? फेन्स पुढे, तुमच्याकडे आणलीत तर नवीन कट खोबणीच्या फेन्सकडच्या भिंतीवर पडतो. म्हणजे पुन्हा बिटची मागची बाजू, पुन्हा ओढ. फेन्स मागे, तुमच्यापासून दूर नेलीत तर कट तुमच्याकडच्या भिंतीवर पडतो आणि उजवीकडून डावीकडे नेणं बरोबर ठरतं. म्हणून पहिली खोबणी नेहमी फेन्सच्या जवळच्या रेघेवर पाडायची आणि रुंद करताना फेन्स मागे न्यायची. दर वेळी स्वतःला एकच विचारायचं: या क्षणी बिटची कुठली बाजू लाकूड खाते आहे आणि ती धार कुठे चालली आहे?

नवा_रंधा

हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी नेमकी फेन्स पुढे आणणार होतो, कारण पुढे ढकलणं सोपं वाटतं. धन्यवाद गुण्याभाऊ.

आता बिटविषयी. माझ्याकडे मोठं रेझ्ड पॅनेलचं (फळीच्या कडा उतरत्या करायचं) बिट आलंय, 80 मिमी व्यासाचं. राउटर एकाच वेगाचा आहे, 24,000 आरपीएम (मिनिटाला फेरे). चालेल का? हळू ढकललं तर?

चक्रधर

नाही. हळू ढकलून काही होत नाही, वेग बिटच्या टोकाचा मोजायचा असतो. हिशोब सोपा आहे. परीघ गुणिले फेरे. 25 मिमीचं बिट 24,000 ला फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण 31 मीटर, म्हणजे ताशी 113 किमी. तुझं 80 मिमीचं बिट त्याच आरपीएमवर सेकंदाला 100 मीटर जाईल. ताशी 360 किमी. त्या बिटवर कार्बाइडचे तुकडे डाख देऊन बसवलेले असतात, हे लक्षात घे.

तेच 10,000 वर आणलं की सेकंदाला 42 मीटर होतात. वेग 2.4 पटीने कमी झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणजे ती जवळपास पावणेसहा पटीने उतरते.

ढोबळ प्रमाण असं चालतं: 25 मिमीपर्यंत 22,000 ते 24,000, 50 पर्यंत 18,000, 65 पर्यंत 16,000, आणि त्यापुढे 10,000 ते 12,000. पण बिटच्या शँकवर (पकडीत जाणाऱ्या दांड्यावर) किंवा पाकिटावर कमाल आरपीएम छापलेला असतो, शेवटचा शब्द त्याचा. छापलेलाच नसेल तर मी ते बिट लावत नाही. युरोपीय ईएन 847-1 मानकाप्रमाणे बनवलेल्या आणि हाताने लाकूड सरकवायच्या कामासाठीच्या बिटांवर ‘मॅन’ अशी खूण असते. त्यांच्या धारेच्या पुढे धातूचा जाड खांदा ठेवलेला असतो, त्यामुळे एका फेऱ्यात धार फार खोल चावूच शकत नाही. मोठ्या बिटांत ही खूण आवर्जून बघ.

आणि 50 मिमीच्या वरचं बिट फक्त टेबलावर. हातात अजिबात नाही.

लाकूडवेडा

हाताच्या पंजात मावणारे छोटे ट्रिमर पण लोक टेबलाखाली लावतात हल्ली. त्यांचा आरपीएम तर 30,000 असतो.

चक्रधर

लावावेत, पण लहान बिटांपुरते. गोलाई, बारीक चाम्फर (तिरपी कड), 6 मिमीची खोबणी. वेग कमी करता येत असला तरी त्यांचं बेअरिंग आणि कॉलेट (बिट धरणारी पकड) मोठ्या बिटसाठी नसतं.

गुण्या

कॉलेटचा विषय निघालाच आहे तर. आकड्यांकडे नीट बघा. 6 मिमी आणि पाव इंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. तसंच 12 मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी. मोठं बिट लहान कॉलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे ती चूक होत नाही. पण 6 चं बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये आरामात जातं, नट आवळला की पकडल्यासारखंही वाटतं, आणि चालू कामात हळूहळू वर सरकतं. टेबलावर वर सरकणं म्हणजे खोबणी खोल होत जाणं. तुम्हाला कळतं ते तुकडा उलटा केल्यावर, किंवा कळत नाही.

सरकतंय की नाही हे ओळखायची खूण शँकवर असते. बिट काढा आणि उजेडात धरा. स्वच्छ पोलादी चकाकी असेल तर ठीक. तपकिरी-काळपट गोल रेघा किंवा ओरखडे दिसले तर बिट कॉलेटमध्ये फिरलेलं आहे. मग कॉलेटच्या आत बोट घालून बघा, चिरांमध्ये राळ आणि भुसा घट्ट बसलेला सापडतो. पितळी ब्रशने साफ करा. साफ करूनही पकड येत नसेल तर कॉलेट बदला. तो झिजणारा भाग आहे, कायमचा नाही.

बिट बसवताना आधी तळापर्यंत घाला आणि मग 2-3 मिमी वर उचला. नट आवळताना कॉलेट बिटला थोडं आत ओढतो. बिट तळाला टेकलेलं असेल तर त्याला जायला जागा राहत नाही आणि पकड अर्धवट बसते. शँक जिथे रुंद होत जाते त्या वळणावरही कॉलेट चावता कामा नये. आणि उंची वाढवायला शँक बाहेर खेचू नका. किमान 20 मिमी शँक आत हवीच. उंची हवी असेल तर एक्स्टेन्शन घ्या किंवा लांब बिट.

भुसाभुशीत

पान्याने आवळून झाल्यावर पाना नटवरच विसरून स्विच दाबणारे आमच्याकडे आहेत. नाव घेत नाही, माझा मेहुणा आहे.

पटाशी

मेहुण्याला सांगा, बिट बसवल्यावर हाताने एक फेरा फिरवून बघायचा. फेन्सला, प्लेटमधल्या बिटभोवतीच्या कड्याला, कशालाही लागत नाही ना. पानाही तेव्हाच सापडतो. आणि बिट बदलताना प्लग भिंतीतून बाहेर, नुसता स्विच बंद करून नाही.

शिसवी

रंध्या, लहान तुकड्यांचं मी सांगते, माझं सगळं काम छोट्या पेट्यांचं आहे.

पहिलं म्हणजे लहान तुकडा लहान असताना राउटरवर न्यायचाच नाही. चौकटीची पट्टी हवी असेल तर रुंद फळीच्या कडेला प्रोफाइल (नक्षीचा आकार) काढायचं आणि मग करवतीवर ती पट्टी कापून घ्यायची. पुन्हा फळीच्या कडेला प्रोफाइल, पुन्हा कापायची. हात कायम रुंद फळीवर राहतो. पेटीच्या झाकणाला कड हवी असेल तर झाकण मोठ्या फळीचा भाग असतानाच काढता येईल तेवढं काढायचं. निम्मे धोके इथेच संपतात, आणि त्याला कुठलंही साधन लागत नाही, फक्त कामाचा क्रम आधी ठरवावा लागतो.

तरीही लहान तुकडा आलाच, तर माझा आकडा 300 मिमी. त्यापेक्षा आखूड तुकडा हाताने धरून नाही. लाकडी हँडस्क्रू क्लॅम्पमध्ये धरायचा, किंवा प्लायच्या तुकड्यावर दुहेरी टेपने चिकटवून. टेपवर भरवसा ठेवायचा तर दोन्ही बाजूंचा भुसा पुसून, दाबून, वर कडेला एक ठोकळा लावायचा, म्हणजे ओढ टेपवर येत नाही.

बोटांचं अंतर: मी बिटभोवती टेबलावर 150 मिमी त्रिज्येचं वर्तुळ रंगवून घेतलं आहे. त्याच्या आत उघडं बोट जात नाही, तिथून पुढे पुश ब्लॉक. करवतीला वापरतो ती बारीक काठी इथे कामाची नाही. काठी फक्त मागून ढकलते. राउटरला खालीही दाबायला हवं आणि फेन्सकडेही. रबरी तळाचा रुंद ब्लॉक घ्यायचा.

नवा_रंधा

शिसवीताई, आणि फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी लवचीक बोटांची फळी)? विकत घेऊ की करू?

शिसवी

कर. अर्ध्या तासाचं काम आहे. रेघ सरळ असलेली, गाठ नसलेली फळी घे. टोक 30 अंशांत कापायचं. मग त्या टोकातून आत, फळीच्या लांबीला समांतर, 6-6 मिमीच्या अंतरावर चिरा घालत जायच्या, पातं 3 मिमीचं असलं की मधे लवचीक बोटं उरतात. चिरा पुरेशा लांब हव्यात, नाहीतर बोटं वाकत नाहीत. बोटं लाकडाच्या जाण्याच्या दिशेने झुकलेली ठेवायची. लाकूड पुढे जातं, मागे येऊ लागलं की बोटं ताठ होऊन अडवतात.

एक फेन्सवर, वरून खाली दाबणारा. दुसरा टेबलावर, बाजूने फेन्सकडे दाबणारा, तो बिटच्या जरा आधी, उजवीकडे. बिटच्या नेमका समोर लावला तर लाकडाचा खाल्लेला भाग आत दाबला जातो. दाब किती? हाताने सरकवताना किंचित जोर लागला पाहिजे, आणि सोडून दिलं तर तुकडा आपल्या जागेवर उभा राहिला पाहिजे. दोन फेदरबोर्ड लावले की बिट जवळजवळ झाकलंच जातं. तुझ्या झाकणाच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. तरी फेन्सवर पारदर्शक ॲक्रिलिकची एक पट्टी बिटच्या वर लावून घेच.

लाकूडवेडा

हातमोजे घालू का? कार्बाइडच्या जवळ बोटं असतात म्हणून विचारतोय.

पटाशी

बिट बसवताना घाला, धार हाताळायची असते. मशीन चालू असताना नाही. धारेला बोटाचा स्पर्श झाला तर कातडी जाते. मोज्याचा धागा अडकला तर पंजा जातो. लांब बाह्या, गळ्यातली दोरी, अंगठी, मनगटावरचं काहीही, सगळं काढून ठेवायचं. केस लांब असतील तर बांधून.

नवा_रंधा

फळीच्या टोकाला, म्हणजे एंड ग्रेनला प्रोफाइल काढायचं तर? अरुंद टोक फेन्सवर टेकवून सरकवलं की ते फेन्सच्या मधल्या फटीत शिरेल असं वाटतं.

उभा_छेद

शिरतंच. आणि शिरलं की गर्रकन फिरतं. अरुंद टोक एकटं कधी नेऊ नये. मागे एक चौकोनी, चांगला रुंद ठोकळा धर, काटकोनात असलेला, आणि दोन्ही मिळून ढकल. ठोकळा फेन्सवर सरळ चालतो, फळी वाकडी होत नाही, आणि शेवटच्या क्षणी टोकाच्या ढलप्या निघायच्या त्या ठोकळ्यातून निघतात. चारही बाजूंना प्रोफाइल असेल तर आधी दोन्ही टोकं, मग लांब बाजू. टोकांना जे काही फुटलं असेल ते लांब बाजू कापताना निघून जातं.

फेन्सची फटही कमी कर. दोन तुकडे बिटच्या अगदी जवळ आण, किंवा पातळ एमडीएफची एक पट्टी फेन्सवर लावून बिट हळूहळू तिच्यातून बाहेर येऊ दे, म्हणजे त्या बिटच्या आकाराचंच भोक पडतं. प्लेटमधल्या कड्याचंही तेच, बिटला पुरेल एवढंच भोक असलेलं कडं वापर.

चक्रधर

पॅनेलच्या बिटवर परत येतो. वेग कमी करता येणारा राउटर मिळाला तरी एका झटक्यात पूर्ण प्रोफाइल काढायचं नाही. तीन-चार हातांत. बिट वर करत जाण्यापेक्षा बिटची उंची कायम ठेवून फेन्स मागे नेत जा. सुरुवातीला बिट जवळजवळ पूर्ण फेन्सच्या आत असतं, उघडं फार थोडं राहतं. एक गंमत: फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असायची काहीच गरज नाही, बिट गोल आहे. एक टोक घट्ट ठेवून दुसरं जरासं सरकवलं की बारीक फरक मिळतो. दर वेळी दोन्ही टोकं आवळली का ते मात्र हाताने हलवून बघायचं.

आवाजही ऐकत जा. मोटरचा स्वर खाली गेला तर कट खोल आहे किंवा घाई होते आहे. किंचाळायला लागली आणि लाकडावर करपल्याचे डाग आले तर धार गेली आहे किंवा एकाच जागी रेंगाळतो आहेस.

कानसेन

ऐकत जा म्हणताय, पण कानांवर मफ घालून. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेची शिफारस 85 डेसिबलला आठ तासांची आहे आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. राउटर लाकडात घुसला की तिथवर सहज जातो. मफ घालूनही मोटरचा स्वर बदललेला कळतो, काळजी नसावी.

आणि भुसा. लाकडाच्या धुळीला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) 1995 साली माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. राउटरची धूळ करवतीपेक्षा बारीक, एमडीएफची तर पिठासारखी. फेन्सच्या मागे व्हॅक्यूमची नळी लावा आणि चांगला मास्क बांधा. भुसा साठला तर लाकूड फेन्सवर नीट टेकत नाही, हा वेगळाच त्रास.

नवा_रंधा

स्विचचं काय करावं? राउटरचा खटका टेबलाखाली गेला आहे. टेपने चालू स्थितीत बांधून ठेवावा आणि भिंतीवरच्या बटणाने चालवावा असा विचार आहे.

गुण्या

बांधलेला खटका आणि भिंतीवरचं साधं बटण, ही जोडी वाईट. कामाच्या मधे वीज गेली, तू काय झालं बघायला बिटजवळ वाकलास आणि वीज आली, तर राउटर लगेच चालू होतो. नो-व्होल्ट स्विच लाव, ज्यात वीज गेली की आतला चुंबक सुटतो आणि परत हिरवं बटण दाबेपर्यंत काही चालू होत नाही. टेबलाच्या पुढच्या कडेला, गुडघ्याने किंवा मांडीने लाल बटण दाबता येईल अशा उंचीवर बसव. दोन्ही हात लाकडावर गुंतलेले असताना बंद करता आलं पाहिजे. आणि बंद केल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत हात दूर. काही सेकंद ते नुसत्या जोरावर फिरत राहतं.

लाकूडवेडा

वक्र कडांचं कोणी सांगेल का? तिथे फेन्स लावताच येत नाही.

पटाशी

तिथे बेअरिंगवालं बिट (टोकाला मोकळी फिरणारी चकती असलेलं, ती कडेवरून चालते) आणि स्टार्टिंग पिन. प्लेटवर बिटच्या उजव्या बाजूला एक खुंटी बसवतात. तुकडा आधी खुंटीला टेकवायचा, मग तिच्याभोवती हळूच फिरवत बिटकडे न्यायचा. पहिल्या चाव्याला जो हिसका बसतो तो खुंटी सोसते. तुकडा बेअरिंगला टेकला की खुंटी सोडली तरी चालते. खुंटीशिवाय थेट बिटला लावायला गेलं तर तो हिसका मनगटाला बसतो.

आधी करवतीने रेघेच्या 1-2 मिमी जवळ कापून घ्या, बिटला कमी खायला द्या. वळणावर जिथे तंतू बिटच्या तोंडावर उभे येतात तिथे लाकूड फुटतं. वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेलं बिट असेल तर तेवढ्या भागापुरता तुकडा टेम्प्लेटसकट उलटा करून, बिटची उंची बदलून, तंतूंच्या उताराच्या बाजूने कापता येतो. इथे उभा_छेद यांची उलट दिशाही लागत नाही.

उभा_छेद

मान्य. :)

नवा_रंधा

एक शेवटचं. मधेच सुरू होऊन मधेच थांबणारी खोबणी, पेटीच्या तळाची. फळी चालू बिटवर वरून उतरवायची असं दिसतं. भीती वाटते.

शिसवी

वाटायलाच हवी. फेन्सवर दोन स्टॉप ब्लॉक लाव, उजवीकडे एक, डावीकडे एक. फळीचं मागचं टोक उजव्या ब्लॉकला घट्ट टेकवायचं, पुढचं टोक वर उचललेलं, आणि मग बिजागरीसारखं खाली उतरवायचं. उजवा ब्लॉक नसेल तर बिट फळीला मागे फेकतं. 3 मिमीपेक्षा जास्त खोल असेल तर दोन-तीन हातांत. डाव्या ब्लॉकला लागलं की फळी तशीच दाबून धरून आधी मशीन बंद कर, बिट थांबू दे, मग उचल. म्हणून गुण्या म्हणतोय तो मांडीने दाबायचा स्विच.

ब्लॉक टेबलाला टेकवू नकोस, खाली 3-4 मिमी फट ठेव. नाहीतर कोपऱ्यात भुसा साचतो आणि प्रत्येक फळी आधीच्यापेक्षा जराशी अलीकडेच थांबते.